कॅम्पियनवरचे दोन आरोप

१५८१ सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या सरकारी वकिलांपुढे एक पेच होता. टॉवरच्या किल्ल्यात जुलैपासून डांबून ठेवलेल्या एडमंड कॅम्पियन या जेझुइट नावाच्या कॅथलिक संघातल्या पाद्र्याला मारायचं हे ठरलेलं होतं, पण त्याला कुठल्या गुन्ह्याखाली मारायचं यावर एकमत होत नव्हतं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पार्लमेंटने एक ताजा कायदा मंजूर केला होता. राणीच्या प्रजेची निष्ठा मोडून लोकांना रोमच्या धर्मात ओढणं म्हणजे राजद्रोह, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. कॅम्पियन वर्षभर गावोगाव लपतछपत हिंडत होता तो लोकांना त्या धर्मात टिकवायला आणि परत आणायलाच. आरोप त्याला नेमका लागू पडत होता आणि साक्षीदार हवे तेवढे मिळाले असते. त्या कायद्याखालचा आरोपपत्राचा मसुदाही तयार झाला.

मग तो मसुदा बाजूला ठेवला गेला. त्याच्या जागी आला तिसऱ्या एडवर्ड राजाच्या काळातला, १३५१ सालचा राजद्रोहाचा कायदा. राजाच्या मृत्यूचा कट करणं, त्याच्याविरुद्ध युद्ध उभारणं, त्याच्या शत्रूंना सामील होणं हे त्या कायद्यातले गुन्हे, आणि त्यात धर्माचा उल्लेखही नव्हता. नव्या आरोपपत्रानुसार कॅम्पियन आणि त्याच्या साथीदारांनी रोममध्ये आणि फ्रान्समधल्या रॅन्समध्ये बसून राणी एलिझाबेथला ठार मारण्याचा आणि परकी फौज इंग्लंडवर आणण्याचा कट केला होता.

हातात असलेला, सहज सिद्ध होणारा आरोप सोडून सरकारने न झालेल्या कटाचा आरोप का उचलला, हे समजून घ्यायचं तर पंचवीस वर्षं मागे जावं लागतं. १५५५ ते १५५८ या काळात एलिझाबेथची सावत्र बहीण मेरी ही कट्टर कॅथलिक राणी गादीवर असताना सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळलं गेलं. त्यात कँटरबरीचा आर्चबिशप क्रॅन्मर होता, तसे विणकर, मजूर आणि त्यांच्या बायकाही होत्या. पुढे जॉन फॉक्स याने त्यांच्या मरणाच्या कहाण्या गोळा करून १५६३ मध्ये एक जाडजूड ग्रंथ छापला आणि तो चर्चांमधून मांडला गेला. इंग्लंड प्रोटेस्टंट होण्यात राजाज्ञांइतकाच त्या ग्रंथाचा वाटा होता. एलिझाबेथचा मुख्य सल्लागार विल्यम सेसिल याने हे सगळं डोळ्यांदेखत पाहिलं होतं. धर्मापायी मारलेल्या माणसाचा पंथ वाढतो, हा धडा त्याने पक्का गिरवला होता. म्हणून कॅथलिक पाद्री मरायचा तर तो राजद्रोही म्हणून मरायला हवा होता.

*

ज्याला असं मारायचं होतं तो एकेकाळी याच दरबाराचा लाडका होता. कॅम्पियन लंडनचा. जन्म जानेवारी १५४० मधला, वडील पुस्तकविक्रेते. ख्राइस्ट्स हॉस्पिटल या गरिबांच्या मुलांसाठी नव्याने निघालेल्या शाळेत तो शिकला. तेरा वर्षांचा असताना, १५५३ मध्ये राणी मेरी लंडनमध्ये प्रवेश करत होती, तेव्हा तिच्यापुढे लॅटिनमधून स्वागताचं भाषण करायला याच पोराला उभं केलं होतं. पुढे ऑक्सफर्डच्या नव्या सेंट जॉन्स कॉलेजात तो फेलो झाला. तिथे त्याच्या बोलण्याची अशी छाप पडली की विद्यार्थी त्याच्यासारखे कपडे घालू लागले, त्याच्यासारखे हातवारे करून बोलू लागले. त्यांना ‘कॅम्पियनवाले’ असं नावच पडलं होतं.

१५६६ मध्ये राणी एलिझाबेथ ऑक्सफर्डला आली. तिच्यापुढे विद्वानांचे लॅटिनमधून वादविवाद ठेवले होते आणि सव्वीस वर्षांच्या कॅम्पियनच्या वाट्याला भरती-ओहोटीचा विषय आला होता. समुद्राला भरती चंद्रामुळे येते का, यावर तो राणीसमोर बोलला. राणी खूश झाली, तिचा आवडता सरदार लेस्टर याने त्याला आश्रय देऊ केला, सेसिलचीही मर्जी बसली. त्याच्यापुढे बिशपपदापर्यंतची वाट मोकळी होती. पदवी घेताना राणी हीच इंग्लंडच्या चर्चची प्रमुख अशी शपथ घ्यावी लागे. ती त्याने घेतली होती, आणि अँग्लिकन चर्चमध्ये डीकनची दीक्षाही घेतली.

पण ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतले आचार्य तो जसजसा वाचत गेला, तसतसं आपण ज्या चर्चमध्ये आहोत ते त्यांचं चर्च नव्हे असं त्याला वाटू लागलं. १५६९ मध्ये तो ऑक्सफर्ड सोडून डब्लिनला गेला. तिथे जेम्स स्टॅनिहर्स्ट या बड्या वकिलाच्या घरी राहून, आणि नंतर सरकारी माणसांपासून लपत, त्याने आयर्लंडचा इतिहास लिहिला. अर्पणपत्रिका लेस्टरच्या नावे होती.

एवढ्यात त्याच्याभोवतीचं राजकारण एकदम पेटलं. फेब्रुवारी १५७० मध्ये पोप पाचवा पायस याने आज्ञापत्र काढून एलिझाबेथला बहिष्कृत केलं, तिचा राजमुकुटावरचा हक्क रद्द ठरवला आणि तिची आज्ञा मानू नका असं प्रजेला फर्मावलं. तोवर इंग्लिश कॅथलिक माणूस फार तर रविवारी चर्चला न गेल्याबद्दल १२ पेनी दंड भरत होता. पोपच्या एका कागदाने त्याला घरभेदी ठरवलं. आपल्याच माणसांचं एवढं नुकसान दुसऱ्या कुणी क्वचितच केलं असेल.

१५७१ मध्ये कॅम्पियन वेष बदलून इंग्लंडला आला. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये डॉ. जॉन स्टोरी या वृद्ध कॅथलिक कायदेपंडितावरचा राजद्रोहाचा खटला त्याने गर्दीत उभं राहून पाहिला आणि तो समुद्र ओलांडून डुएला गेला. डुए हे आजच्या उत्तर फ्रान्समधलं गाव. विल्यम ॲलन याने तिथे १५६८ मध्ये इंग्लिश पाद्री घडवण्यासाठी कॉलेज काढलं होतं. तिथून १५७३ मध्ये कॅम्पियन पायी रोमला गेला आणि जेझुइट संघात दाखल झाला. संघाने त्याला बोहेमियात पाठवलं. पुढची काही वर्षं तो प्रागमध्ये मुलांना वक्तृत्व शिकवत होता, त्यांच्यासाठी लॅटिन नाटकं लिहीत होता, प्रवचनं देत होता. १५७८ मध्ये तिथेच त्याला पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. इंग्लंड त्याला विसरत चाललं होतं, आणि त्यालाही प्रागमध्येच म्हातारपण आलं असतं तर खंत वाटली नसती.

*

डिसेंबर १५७९ च्या सुमाराला रोममध्ये ठरलं की जेझुइटांनी इंग्लंडमध्ये माणसं पाठवायची, आणि पहिल्या तुकडीत रॉबर्ट पर्सन्स आणि कॅम्पियन असावेत. कॅम्पियन प्रागहून निघायच्या आदल्या रात्री त्याच्या एका सोबत्याने त्याच्या खोलीच्या दारावर लॅटिनमध्ये लिहून ठेवलं की हा रक्तसाक्षी होणार. वडीलधाऱ्यांनी त्या सोबत्याला दटावलं, पण मनात कुणालाच शंका नव्हती.

जाणाऱ्यांना संघाच्या सूचना कडक होत्या. राज्यकारभाराच्या भानगडीत पडायचं नाही, त्याबद्दल लिहायचं-बोलायचं नाही, राणीविरुद्ध शब्द काढायचा नाही. नव्या पोपने, तेराव्या ग्रेगरीने, जुन्या आज्ञापत्राला एक पुरवणीही जोडली. सध्याच्या परिस्थितीत कॅथलिक प्रजेने राणीची आज्ञा पाळायला हरकत नाही, असं तिने सांगितलं. या मुभेने इंग्लिश कॅथलिकांना दिलासा मिळाला, पण ‘सध्याच्या परिस्थितीत’ एवढेच शब्द सेसिलने उचलले. परिस्थिती बदलली की काय, असा त्याचा रोकडा सवाल होता. आणि तो सवाल हवेतून आलेला नव्हता. त्याच पोपच्या पाठबळाने त्याच काळात आयर्लंडमध्ये बंड चालू होतं, आणि १५८० च्या शरदात पोपच्या पैशावर पोसलेले सैनिक आयर्लंडच्या स्मरविक बंदरात उतरले. इंग्रजांनी ते ठाणं शरण आल्यावर आतल्या शेकडो लोकांना कापून काढलं. पाद्री पाठवणारं रोम आणि फौज पाठवणारं रोम एकच आहे, हे इंग्लंडमधल्या सामान्य प्रोटेस्टंटालाही दिसत होतं.

जून १५८० मध्ये पर्सन्स नेदरलँड्सच्या युद्धावरून परतणाऱ्या कॅप्टनच्या वेषात, पिसांची टोपी घालून डोव्हरला उतरला आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याशी दोस्ती करून पुढे गेला. पाठोपाठ कॅम्पियन आला तो जवाहिऱ्याच्या वेषात, ‘मिस्टर एडमंड्स’ या नावाने. सोबत राल्फ एमर्सन हा संघाचा बंधू, नोकर बनून. ॲलनचा भाऊ इंग्लंडला येतोय अशी खबर डोव्हरच्या मेयरला होती. त्याने कॅम्पियनलाच तो भाऊ समजून अडवलं, लंडनला पाठवायला घोडे मागवले, आणि ऐन वेळी काय मनात आलं कोण जाणे, सोडून दिलं.

लंडनमध्ये त्याची भेट थॉमस पाउंड या माणसाशी झाली. हा एकेकाळचा नखरेल दरबारी. दरबारातल्या एका नाचात तोल जाऊन पडला, राणीने भर सभेत त्याला बैल म्हणून हिणवलं आणि त्याने दरबार कायमचा सोडला, अशी त्याची गोष्ट सांगतात. कॅथलिक म्हणून तो तुरुंगात होता आणि काही काळापुरता बाहेर आला होता. पाउंडने कॅम्पियनला सुचवलं, की तू पकडला गेलास तर सरकार तुझ्या नावावर काहीही खपवेल, तेव्हा तू का आलास हे आताच लिहून ठेव. कॅम्पियनने अर्ध्या तासात राणीच्या मंत्रिमंडळाला उद्देशून एक पत्र लिहिलं. मी धर्मोपदेशासाठी आलो आहे, राजकारणाची मला बंदी आहे, मला तीन सभा द्या: एक मंत्र्यांपुढे, एक विद्यापीठांतल्या पंडितांपुढे, एक कायदेपंडितांपुढे, तिथे मी माझा धर्म सिद्ध करून दाखवतो. आम्हाला टायबर्नच्या फाशीच्या मैदानाचं भय नाही, आमच्यातला एकजण शिल्लक असेतो आम्ही येत राहू, असंही त्यात होतं. पत्र अटकेनंतर उघड करायचं होतं. पाउंडला ते इतकं आवडलं की त्याच्याच्याने राहवलं नाही. त्याने ते वाचायला दिलं, नकला झाल्या, आणि काही आठवड्यांत ते इंग्लंडभर पसरलं. विरोधकांनी त्याला ‘कॅम्पियनची बढाई’ म्हटलं आणि आजतागायत तेच नाव टिकलं आहे.

*

पुढचं वर्ष भूमिगतांचं. एखाद्या कॅथलिक जमीनदाराच्या वाड्यावर संध्याकाळी पाहुणा म्हणून जायचं, रात्री लोकांची पापनिवेदनं ऐकायची, पहाटे मिस्सा ही कॅथलिक उपासना आणि प्रवचन, आणि उजाडल्यावर पुढच्या घराकडे कूच. घोड्यावर बसल्या बसल्या पुढच्या प्रवचनाची जुळणी करायची. कपडे आणि नावं सारखी बदलावी लागत. कॅम्पियन पकडला गेला, ही बातमी आपण स्वतःच इतरांच्या तोंडून ऐकतो, असं त्याने रोमला कळवलं होतं.

इकडे कायदा कडक होत होता. १५८१ च्या कायद्याने चर्चला न जाण्याचा दंड १२ पेनींवरून महिन्याला २० पौंडांवर नेला. साध्या कारागिराची वर्षाची कमाईही तेवढी नसे. मिस्सा म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही वर्षभर तुरुंग आणि वर जबर दंड होता.

तशात पर्सन्सने गुप्त छापखाना उभारला. तो जागा बदलत बदलत हेन्लीजवळच्या स्टोनर पार्क या वाड्यात आला. स्टीफन ब्रिंकली हा त्याचा चालक. कामगार ये-जा करताना संशय येऊ नये म्हणून त्यांना मोठ्या घरच्या माणसांसारखे कपडे दिले होते. खिळे अपुरे, त्यामुळे थोडी पानं जुळवून छापायची, खिळे सोडवायचे आणि पुढची पानं जुळवायची, असा कारभार. तिथे कॅम्पियनचं ‘दहा कारणं’ हे छोटं लॅटिन पुस्तक छापलं गेलं. माझ्याशी वाद घाला, असं आव्हान मी कशाच्या जोरावर देतो, हे त्यात विद्यापीठांना उद्देशून सांगितलं होतं. २७ जून १५८१ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये पदवीचा समारंभ होता. मंडळी येऊन बसली तर बाकांवर सुमारे ४०० प्रती ठेवलेल्या. विल्यम हार्टली या पाद्र्याने हे काम केलं होतं. समारंभाची भाषणं चालू होती आणि सभागृह माना खाली घालून वाचत होतं. आपल्या जुन्या विद्यापीठात कॅम्पियन असा परतला. सरकारच्या दृष्टीने ही हद्द झाली.

जुलैत कॅम्पियन नॉरफोकच्या दिशेने निघाला. वाटेत लायफर्ड ग्रेंज नावाचा वाडा होता. मालक येट कॅथलिक असल्यामुळे तुरुंगात, घरात बायकामाणसं आणि आसऱ्याला आलेल्या काही जोगिणी. त्यांचा आग्रह पुरा होता. कॅम्पियनला माणसं सोडवत नाहीत हे पर्सन्स ओळखून होता, म्हणून त्याने प्रवासात एमर्सनला त्याचा वरिष्ठ नेमलं आणि तिथे एकच दिवस राहायचं असं बजावलं. कॅम्पियनने ते पाळलं. एका दिवसानंतर तो निघालाही. पण मागाहून आलेल्या मंडळींना त्याची भेट चुकल्याची हळहळ वाटली, त्यांनी त्याला वाटेत गाठलं आणि एमर्सनची समजूत घालून परत नेलं.

रविवारी, १६ जुलैला, जॉर्ज एलियट हा माणूस त्या वाड्याच्या दाराशी आला. तो पूर्वी कॅथलिक घरांत नोकरीला होता, पुढे खुनाच्या आरोपात अडकला आणि सुटकेसाठी सरकारी खबऱ्या झाला. पाद्र्यांना पकडण्याचं वॉरंट त्याच्या खिशात होतं. वाड्यातला स्वयंपाकी त्याच्या जुन्या ओळखीचा निघाला. जुना सोबती मिस्साला आलाय असं समजून त्याने त्याला आत घेतलं. एलियटने मिस्सा ऐकली, प्रवचनही ऐकलं. प्रवचनाचा विषय होता संदेष्ट्यांना मारणारं जेरुसलेम. मग तो निघून गेला आणि दुपारी न्यायाधिकारी आणि हत्यारबंद माणसं घेऊन आला.

झडती संध्याकाळपर्यंत चालली. भिंती ठोकून पाहिल्या, काही सापडलं नाही. रात्री पहारा बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी शोध सोडून द्यायची वेळ आली असता एलियटचा साथीदार जेन्किन्स याला जिन्याच्या वरच्या भिंतीतल्या फटीतून उजेड दिसला. त्याने पहार घालून फळ्या उचकटल्या. आत एका अरुंद पोकळीत तीन पाद्री शेजारी शेजारी पडले होते: कॅम्पियन, थॉमस फोर्ड आणि जॉन कॉलिंग्टन.

शनिवारी, बाजाराच्या दिवशी, त्यांची लंडनमधून धिंड काढली. कॅम्पियनचे पाय घोड्याच्या पोटाखालून बांधलेले, कोपरं मागे आवळलेली, आणि टोपीला चिठ्ठी: कॅम्पियन, फितुरी जेझुइट.

*

टॉवरमध्ये ‘लिटल ईझ’ नावाची कोठडी होती. तिच्यात धड उभं राहता येत नसे की पाय पसरून झोपता येत नसे. तिथे चार दिवस ठेवल्यावर त्याला लेस्टर आणि इतर बड्या मंत्र्यांपुढे नेलं. पंधरा वर्षांपूर्वी याच लेस्टरने त्याला आश्रय दिला होता. धर्म बदल, सगळं मिळेल, अशी लालूच दाखवली गेली. त्याने नकार दिला तेव्हा ताणयंत्र आलं. लाकडी चौकट, दोन्ही टोकांना रूळ. मनगटं आणि घोटे दोरांनी रुळांना बांधायचे आणि रूळ फिरवत जायचे. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान कॅम्पियनला त्यावर एकाहून अधिक वेळा ताणलं गेलं. आपण कुणाकुणाकडे उतरलो होतो ती काही घरं त्याने सांगितली, आणि त्या घरांवर धाडी पडल्या. त्या लोकांना इजा होणार नाही असं वचन आपल्याला दिलं होतं, असं तो पुढे म्हणाला आणि फाशीच्या गाडीवरून त्याने त्यांची जाहीर क्षमा मागितली. संतचरित्र लिहिणारे या भागावरून घाईने पुढे जातात, पण यंत्रावरचा माणूस बोलतो यात त्याचा कमीपणा काही नाही.

मग सरकारने त्याला हवी असलेली सभा दिली, ती आपल्या पद्धतीने. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत टॉवरमध्ये चार वादसभा झाल्या. समोर सेंट पॉलचे डीन नॉवेल आणि इतर पंडित, टेबलावर ग्रंथांचे ढीग. कॅम्पियनला ना पुस्तक, ना तयारीला वेळ, ना कागद, आणि हात आधीच निकामी. तरीही तो हरला असं ऐकणाऱ्यांना वाटेना. अरुंडेलचा तरुण अर्ल फिलिप हॉवर्ड गमतीखातर ऐकायला आला होता. तो काही वर्षांनी कॅथलिक झाला आणि १५९५ मध्ये त्याच टॉवरमध्ये कैदेत मेला. बाहेर गल्लीबोळांत कॅम्पियनवर पोवाडे फिरू लागले. सरकारने सभा बंद केल्या.

१४ नोव्हेंबरला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आरोपींना उभं करून हात वर करायला सांगितलं. कॅम्पियनचा हात उचलेना. शेजारच्या एका साथीदाराने त्याच्या बाहीत गुंडाळलेला हात मोकळा केला, त्याचं चुंबन घेतलं आणि तो वर धरला.

खटला २० नोव्हेंबरला, एका दिवसात उरकला. मुख्य न्यायाधीश सर ख्रिस्टोफर रे. साक्षीदार चार: एलियट, आणि बाकीचे तिघे खबरे. त्यांतला अँथनी मंडे पुढे नाटककार म्हणून नावारूपाला आला. आरोपी म्हणून उभे केलेले काही पाद्री एकमेकांना या खटल्यापूर्वी भेटलेही नव्हते, तरी सगळ्यांनी मिळून कट केला असं आरोपपत्र म्हणत होतं. कॅम्पियनने एकेक साक्ष सोलून काढली. रोमला जाणं, पोपला भेटणं, वेष बदलणं यातून धर्म सिद्ध होतो, राणीचा खून कुठून सिद्ध होतो, असा त्याचा रोख होता. ज्यूरीने तासाभरात सगळ्यांना दोषी ठरवलं. काही म्हणायचं आहे का असं विचारल्यावर तो म्हणाला, की आमचा धर्म राजद्रोह असेल तर तुम्ही तुमच्याच पूर्वजांना, इंग्लंडच्या सगळ्या जुन्या बिशपांना आणि राजांना दोषी ठरवता आहात. या आरोपात पाणी किती होतं ते दुसऱ्याच दिवशी दिसलं. लायफर्डला त्याच्याच शेजारी सापडलेल्या कॉलिंग्टनवर तोच आरोप होता. पण आरोपपत्रात कटाची जी तारीख होती त्या दिवशी तो लंडनमध्ये माझ्याबरोबर होता, असं एक माणूस उठून म्हणाला आणि कॉलिंग्टन फाशीतून वाचला.

या दिवसांत फ्रान्सचा कॅथलिक राजपुत्र आंजूचा ड्यूक राणीशी लग्नाची बोलणी करायला लंडनमध्येच होता. या लग्नाने जुना धर्म परत येणार या भीतीने प्रोटेस्टंट अस्वस्थ होते. त्यांची भीती घालवायला कॅम्पियनचं मरण सोयीचं होतं.

१ डिसेंबर १५८१, पाऊस आणि चिखल. कॅम्पियन, राल्फ शर्विन आणि अलेक्झांडर ब्रायंट यांना फळीवर बांधून, घोड्यांनी ओढत टायबर्नला नेलं. ही शिक्षा धर्मासाठी नसून राजद्रोहासाठी आहे, असं सरकारी पत्रक तिथे मुद्दाम वाचून दाखवण्यात आलं. राणीसाठी प्रार्थना कर, असं त्याला सांगितलं. त्याने केली. कोणत्या राणीसाठी, असं कुणीतरी खवचटपणे विचारलं. एलिझाबेथसाठी, जी तुमची राणी आहे आणि माझीही, असं त्याने उत्तर दिलं. मग खालची गाडी हाकलली. प्राण गेल्यावरच दोर कापा असा हुकूम तिथल्या एका सरदाराने दिला, त्यामुळे पुढची चिरफाड त्याला भोगावी लागली नाही.

*

सेसिलला जे टाळायचं होतं ते त्याच दिवशी घडायला लागलं. गर्दीत उभ्या असलेल्या हेन्री वॉलपोल या तरुण वकिलाच्या कोटावर रक्ताचे थेंब उडाले. त्याने कॅम्पियनवर एक दीर्घ कविता लिहिली. ती छापल्याबद्दल स्टीफन व्हॅलेंजर याचे कान कापले गेले. वॉलपोल स्वतः जेझुइट झाला आणि १५९५ मध्ये यॉर्कला त्याच पद्धतीने मारला गेला. युरोपभर कॅम्पियनच्या मरणाची वर्णनं छापली गेली. १५८३ मध्ये खुद्द सेसिलला लेखणी उचलावी लागली. इंग्लंडमध्ये कुणालाही धर्मासाठी मारलेलं नाही, असं प्रतिपादन करणारी पुस्तिका त्याने काढली, आणि तिच्या भाषांतरांतून ती परदेशांतही पोचवली. पुढच्याच वर्षी ॲलनने तिला सविस्तर उत्तर दिलं. १५८५ मध्ये सरकारनेच त्या वादाचा निकाल लावला. परदेशात दीक्षा घेतलेला इंग्लिश पाद्री इंग्लंडमध्ये सापडणं हाच राजद्रोह, असा कायदा झाला. आता कटाची कथा रचायची गरज राहिली नाही. एलिझाबेथच्या राज्यात जवळपास १९० कॅथलिक मारले गेले, त्यांतले बहुतेक पाद्री.

सरकारचं भय मात्र बनावट नव्हतं. कॅम्पियनच्या अटकेनंतर निसटलेला पर्सन्स स्पेनच्या राजाला इंग्लंडवर स्वारी करायला उद्युक्त करत राहिला. ॲलनही त्यात होता. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमार खरंच आलं. पोप चालून आला तर तू कुणाच्या बाजूने लढशील, हा प्रश्न तेव्हा पकडलेल्या प्रत्येक पाद्र्याला विचारत, आणि कॅथलिक त्याला ‘रक्ताचा प्रश्न’ म्हणत. पोपच्या अधिकाराबद्दल कॅम्पियनला विचारलं तेव्हा त्यानेही सरळ उत्तर दिलं नाही. हा पंडितांच्या वादाचा विषय आहे, असं म्हणून तो बाजूला झाला. त्याच्या बचावातली ही एकच कच्ची जागा, आणि ती खरोखरच कच्ची होती.

या कथेचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. पाउंडचा जिवलग मित्र होता विल्टशायरचा थॉमस स्टीफन्स. दोघांनी मिळून रोमला जायचं ठरवलं होतं. पाउंड पकडला गेला, स्टीफन्स निसटला. १५७५ मध्ये तो रोमला जेझुइट झाला, ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसला आणि ऑक्टोबरात गोव्याला पोचला. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स ते हेच. मित्र इंग्लंडच्या तुरुंगांत सुमारे तीस वर्षं सडला. स्टीफन्स गोव्यातल्या साष्टीत राहिले, मराठी शिकले आणि १६१६ मध्ये रायतूरला त्यांचं अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं पुराण छापलं गेलं.

पण साष्टीत सत्ता त्यांच्या बाजूला होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलेलं होतं, १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली गेली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारलं. त्यांचे देह ताब्यात घेऊन पुरण्याच्या कामात स्टीफन्स होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. रोमने त्या पाच जेझुइटांना १८९३ मध्ये धन्य घोषित केलं. पुढाऱ्यांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. टायबर्नला जो धर्म फळीवर बांधला होता, तोच साष्टीत दोर ओढत होता.

टायबर्नला धर्मापायी मरणारा शेवटचा कॅथलिक म्हणजे आयर्लंडचा आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट, १ जुलै १६८१ रोजी, तोही एका काल्पनिक कटाच्या आरोपावरून. इंग्लंडमध्ये कॅथलिकांना पार्लमेंटचं दार उघडायला १८२९ साल यावं लागलं. कॅम्पियनला १९७० मध्ये आणखी ३९ जणांबरोबर संतपद मिळालं. त्याच्या संतपणावर विश्वास नसलेल्यालाही त्याच्या खटल्यातून एक गोष्ट उचलता येते. त्याने काय केलं याचा पुरावा कोर्टापुढे आलाच नाही. उद्या तो काय करील याची भीती तेवढी होती. जे राज्य माणसाला त्याच्या उद्याच्या निष्ठेसाठी आज फासावर देतं, त्याला राजद्रोह्यांचा तुटवडा कधीच पडत नाही, मग ते राज्य लंडनचं असो की गोव्याचं.